एच.आय.व्ही. : तहान लागण्याआधी खणायची विहीर



तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. द्राक्षाची फळछाटणी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते आणि पाऊस काही पाठ सोडत नव्हता. डावणीच्या धास्तीने सारा भाग हवालदिल झाला होता. बागा पाहत पाहत मी एका जुन्या, जाणत्या बागायतदाराच्या मळ्यात पोहोचलो. त्यांचे नाव-गाव सांगत नाही. ही हकीकत त्यांच्या घरच्या सर्वांना विचारून आणि कोणाची ओळख पटणार नाही अशा बेताने लिहितो आहे. त्यांना आपण आबा म्हणू.

पाने उलटून पाहिली. एकाही पानावर तेलकट डाग नव्हता. "आबा, बाग झकास राखलीय," मी म्हणालो. एरवी एवढ्या शब्दावर खूश होणारे आबा त्या दिवशी गप्पच होते. गड्यांना त्यांनी चहाला पिटाळले आणि हळूच विचारले, "साहेब, डाग दिसायच्या आधी फवारलं म्हणून बाग वाचली. माणसाला असं आधी द्यायचं औषध असतंय का?"

"कशावरचं, आबा?"

"एड्सवरचं."

मग सारे बाहेर आले. थोरला मुलगा माल घेऊन मुंबईच्या बाजारात जात असे. महिनाभर ताप येऊन वजन घटले म्हणून रक्त तपासले, तर एच.आय.व्ही.ची लागण निघाली. सून तेवीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षे झालेली, मूलबाळ अजून नाही. तिचे रक्त तपासले, तिला लागण नव्हती. सासूचे म्हणणे, पोरीला माहेरी पाठवावे. मुलगा मान खाली घालून बसलेला. आणि सून म्हणत होती, "मी कुठं जाणार नाही. पण मला हा रोग लागू नये म्हणून काही उपाय हाय का, तेवढं कुणाला तरी विचारा."

फवारणीचे वेळापत्रक तोंडपाठ असलेला मी त्या दिवशी निरुत्तर झालो. पुढे त्या मुलाला आणि सुनेला घेऊन मी जिल्ह्याच्या रुग्णालयात गेलो, डॉक्टरांना व समुपदेशकांना विचारले, पुन्हा पुन्हा विचारले. मी डॉक्टर नाही, शेतीखात्यातला माणूस आहे. औषध कोणाला कोणते द्यायचे हे डॉक्टरच ठरवतील. पण डॉक्टरांपुढे बसण्याआधी कोणते प्रश्न विचारायचे, एवढे तरी आपल्या घराघरांत माहीत असावे, म्हणून हा लेख.

तेव्हा औषध नव्हते, आता आहे

मी 1994 साली नोकरीला लागलो. भारतात या विषाणूचा शोध 1986 साली चेन्नईत लागला होता. आठ वर्षांत तो आमच्या भागातल्या वाड्यावस्त्यांवर येऊन ठेपला होता. माझ्या पहिल्याच गावी मुंबईहून परतलेला एक तरुण खंगून गेला. मयताला खांदा द्यायला चार माणसे मिळेनात. दोन वर्षांनी त्याची बायको त्याच दुखण्याने गेली. नवऱ्याला काय झाले आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि तिचे रक्त तपासावे असे कोणाच्या मनातही आले नव्हते. तिचा पाच वर्षांचा मुलगा मामाने नेला. जमीन पडीक राहिली.

ती गोष्ट मी विसरू शकलो नाही. पण तेव्हाचे दिवस आणि आजचे दिवस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 1 एप्रिल 2004 पासून सरकारने या रोगावरचे औषध मोफत द्यायला सुरुवात केली. त्याला एआरटी म्हणतात. 2017 पासून लागण आढळली की, प्रकृती बिघडण्याची वाट न पाहता, लगेच औषध सुरू करण्याचे धोरण आले. नियमित औषध घेणारा माणूस आज शेती करतो, संसार करतो, म्हातारा होतो. रोग मुळापासून जात नाही, पण तो दाबून ठेवता येतो.

आणि ज्याला लागण नाही, त्याला ती होऊच नये म्हणूनही औषधे आहेत. हे मात्र आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आधी आपण कोठे उभे आहोत ते पाहा

द्राक्षावर बोर्डो मिश्रण आपण डाग दिसण्याआधी फवारतो. डाग दिसल्यावर आंतरप्रवाही औषध लागते. दोन्ही औषधेच, पण वेळ निराळी, मात्रा निराळी. एच.आय.व्ही.चेही तसेच आहे. येथे तीन वेळा आहेत, त्यांची गल्लत करू नये.

पहिली वेळ : लागण नाही, पण पुढे होण्याचा धोका आहे. अशा माणसाने आधीपासून घ्यायच्या औषधाला प्रेप म्हणतात.

दुसरी वेळ : धोका घडून गेला आहे, पण अजून 72 तास उलटलेले नाहीत. अशा वेळी तातडीने सुरू करून 28 दिवस घ्यायच्या औषधाला पेप म्हणतात.

तिसरी वेळ : लागण झालेलीच आहे. अशा माणसाला एआरटी, म्हणजे कायमचा उपचार.

प्रेप आणि पेप ही नावे कानाला सारखी लागतात, म्हणून घोटाळा होतो. एक पेरणीपूर्वीची बीजप्रक्रिया आणि दुसरी वादळी रात्र उलटताच दुसऱ्या सकाळी करायची फवारणी, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

आपण या तिन्हींपैकी कोठे आहोत हे अंदाजाने कळत नाही. चेहऱ्यावरून तर मुळीच कळत नाही. ते कळते ते फक्त रक्त तपासून. म्हणून कोणतेही औषध निवडण्याआधीची पहिली पायरी रक्ततपासणी. ती सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी केंद्रात मोफत होते आणि निकाल गुप्त ठेवला जातो.

आणखी एक गोष्ट. लागण झाल्यावर काही आठवडे ती तपासणीत दिसत नाही. बी पेरल्यावर कोंब वर यायला जसे दिवस लागतात, तसेच हे. म्हणून आबांच्या सुनेचा पहिला निकाल चांगला आला तरी डॉक्टरांनी तिला पुन्हा तपासणीला बोलावले. एकदा निकाल चांगला आला की सुटलो, असे समजू नये.

बायकोचे पहिले औषध नवऱ्याने घ्यायचे

सुनेसाठी औषध विचारायला आम्ही गेलो होतो. डॉक्टरांनी पहिली चिठ्ठी लिहिली ती मुलाची. मला नवल वाटले. त्यांनी समजावून सांगितले ते असे :

लागण झालेला माणूस रोज न चुकता एआरटी घेऊ लागला की त्याच्या रक्तातील विषाणूंची संख्या घटत जाते. या संख्येच्या तपासणीला व्हायरल लोड म्हणतात. ती इतकी घटते की तपासणीत विषाणू सापडतच नाही. विषाणू असा दबलेला राहिला, तर त्या माणसापासून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. नऊ देशांतील 1763 जोडप्यांवर याचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात आपल्या पुण्याच्या आणि चेन्नईच्या केंद्रांतील जोडपीही होती. एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही, अशी ही जोडपी. 2011 साली निकाल आला : ज्यांचा उपचार लवकर सुरू झाला, त्यांच्यापासून जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी कमी झाली.

बांधावरचे तण आधी काढले तर पिकात कमी येते, तसाच हा प्रकार. नवऱ्याचा उपचार हेच बायकोचे पहिले संरक्षण.

पण विषाणू दबायला वेळ लागतो. साधारण सहा महिने तरी धरावेत आणि त्यानंतर व्हायरल लोडची तपासणी करून खात्री करावी. तोवर बायको उघड्यावर राहते. मधल्या या काळासाठी दोन गोष्टी सांगण्यात आल्या : प्रत्येक वेळी निरोध, आणि सुनेसाठी रोजची प्रेपची गोळी. नदीवर पूल होईपर्यंत नाव लागतेच, तशी ही गोळी.

रोजची गोळी : कोणाला, कशी?

प्रेपसाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी गोळी टेनोफोविर 300 मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन 200 मिलिग्रॅम या दोन औषधांची मिळून असते. अमेरिकेत या कामासाठी तिला 2012 साली मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली, लागणीचा मोठा धोका असलेल्या सर्वांसाठी प्रेपची शिफारस केली. आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नॅकोने, 2022 साली त्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. या गोळ्या आपल्याच देशातील कंपन्याही बनवतात.

कोणाला तिचा विचार करावा लागेल? ज्याच्या जोडीदाराला लागण आहे आणि विषाणू अजून दबलेला नाही, अशा स्त्री-पुरुषांना. ज्यांचे एकाहून अधिक व्यक्तींशी संबंध येतात त्यांना, मग ते स्त्री-पुरुष संबंध असोत वा पुरुषा-पुरुषांमधले. ज्या स्त्रियांचा चरितार्थच शरीरविक्रयावर आहे त्यांना. नशेसाठी एकमेकांची सुई वापरणाऱ्यांना. ही यादी वाचून कोणाकडे बोट दाखवू नका. पिकावर रोग आला म्हणून आपण शेताला शिव्या देत नाही, बंदोबस्त करतो.

गोळी सुरू करण्याआधी चार गोष्टी पाहाव्या लागतात.

एक, एच.आय.व्ही.ची तपासणी. ती निगेटिव्ह असलीच पाहिजे. ताप, अंगावर पुरळ, गाठी अशी नुकत्या लागणीची लक्षणे असतील तर ती डॉक्टरांना सांगावीत.

दोन, मूत्रपिंडाची तपासणी. त्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन पाहतात. टेनोफोविर शरीराबाहेर जाते ते मूत्रपिंडावाटे. ते आधीच दुबळे असेल तर ही गोळी चालत नाही. ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांनी ते जरूर सांगावे.

तीन, कावीळ 'बी'ची तपासणी. ही गोळी कावीळ 'बी'च्या विषाणूलाही दाबते. अशा माणसाने ती मध्येच अचानक सोडली तर कावीळ उसळू शकते आणि यकृतावर बेतते.

चार, दुसरी चालू औषधे. आपल्याकडे कंबर धरली, गुडघा दुखला की दुकानातून वेदनाशामक गोळी आणून महिनोन् महिने खाण्याची सवय आहे. टेनोफोविर घेत असताना अशा गोळ्यांचा मारा केला तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आबांची सून दिवसभर वाकून काम करणारी. तिला डॉक्टरांनी हे दोनदा बजावले.

घेण्याची रीत सोपी आहे : रोज एक, ठरलेल्या वेळी. जेवणाआधी किंवा नंतर, कशीही चालते. स्त्रीच्या शरीरात औषधाचा पुरेसा साठा व्हायला सुमारे 21 दिवस धरून चालावे. तोवर केवळ गोळीच्या भरवशावर राहू नये. एखादे दिवशी विसरली तर आठवताच घ्यावी, पण दोन दिवसांच्या दोन एकदम घेऊ नयेत. पहिले काही आठवडे मळमळ, डोकेदुखी, पोटात गडबड असा त्रास काहींना होतो. बहुधा महिनाभरात तो थांबतो. दर तीन महिन्यांनी एच.आय.व्ही.ची तपासणी करायची, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा मूत्रपिंडाची. गरोदरपणात आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येते.

काही पुरुषांसाठी रोज न घेता फक्त संबंधाच्या आधी व नंतर घेण्याची एक रीत आहे. ती स्त्रियांना लागू नाही. कोणाकडून ऐकून बाईने तसे करू नये.

ही गोळी गर्भ रोखत नाही. गरमी, परमा असे दुसरे गुप्तरोगही रोखत नाही. म्हणून निरोधाला रजा देऊ नये.

अर्धवट मात्रा घातक

आता एक गोष्ट मी शेतीखात्याचा माणूस म्हणून अधिकाराने सांगू शकतो. एकच आंतरप्रवाही बुरशीनाशक पुन्हा पुन्हा, कमी मात्रेत मारले तर काय होते? डावणी त्याला दाद देईनाशी होते. कमजोर बुरशी मरते, चिवट तेवढी राहते आणि तीच पुढे वाढते. मग डबेच्या डबे रिकामे केले तरी पान वाचत नाही.

एच.आय.व्ही.चा विषाणू याबाबत बुरशीपेक्षाही चलाख आहे. लागण झालेल्याच्या उपचारात सहसा तीन औषधे एकत्र देतात, ती यासाठीच. प्रेपच्या गोळीत दोनच असतात. ती निरोगी शरीराच्या राखणीला पुरते. पण ज्याला आधीच लागण झाली आहे त्याने तपासणी न करता ती सुरू केली, तर विषाणू अर्धवट माराला सरावतो आणि पुढे खऱ्या उपचारालाही दाद देईनासा होतो. तपासणीचा एवढा आग्रह धरतात, तो यासाठी.

म्हणून शेजाऱ्याची उरलेली गोळी, नवऱ्याच्या डब्यातील गोळी, किंवा चिठ्ठीवाचून दुकानातून आणलेली गोळी घेऊ नये. नवऱ्याची गोळी वेगळी, बायकोची वेगळी. आबांच्या सुनेने दोन डबे दोन कोनाड्यांत ठेवले होते.

निवड कशी करावी?

तुम्ही म्हणाल, एवढ्यावर काम भागले. मग निवड कसली? निवड आहे, आणि ती वाढते आहे.

टेनोफोविरचाच एक नवा प्रकार आहे, टेनोफोविर अलाफेनामाइड. मूत्रपिंडावर त्याचा भार कमी पडतो. काही पुरुषांना तो उपयोगी आहे. पण स्त्रियांचे संरक्षण त्याने होते असे दिसून आलेले नाही, म्हणून नवे ते चांगले असे मानून बाईने तो मागू नये. कॅबोटेग्राविर नावाचे इंजेक्शन दोन महिन्यांनी एकदा घ्यायचे असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली त्याची शिफारस केली. आफ्रिकेतील काही देशांत स्त्रियांसाठी औषधाचे वलय आहे, ते महिन्याने बदलतात.

सर्वांत मोठी बातमी लेनाकापाविर या इंजेक्शनची. ते सहा महिन्यांतून एकदा पोटाच्या कातडीखाली देतात. सुरुवातीला दोन दिवस सोबत गोळ्याही घ्याव्या लागतात. दक्षिण आफ्रिका व युगांडातील तरुण मुलींवर त्याची चाचणी झाली. 2024 साली निकाल आला. इंजेक्शन घेणाऱ्या 2134 जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. त्याच चाचणीत रोजची गोळी दिलेल्या 1068 जणींपैकी 16 जणींना लागण झाली.

मग गोळी कुचकामी का? नाही. येथे थांबून विचार करा. गोळी दिलेल्या बहुतेक मुली ती रोज घेत नव्हत्या. घरच्यांनी डबा पाहिला तर काय म्हणतील, ही भीती, शिवाय विसर, कंटाळा. याउलट, केनिया व युगांडातील 4747 जोडप्यांच्या अभ्यासात, ज्यांच्यात एकाला लागण होती, हीच गोळी दिलेल्यांमध्ये लागण 75 टक्क्यांनी कमी झाली. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली होती, आपण प्रयोगात एक वाफा न फवारता ठेवतो तशी. आणि ज्यांच्या रक्तात औषध खरोखर सापडले, म्हणजे ज्यांनी गोळी पोटात घेतली होती, त्यांच्यात लागण सुमारे 90 टक्क्यांनी कमी झाली.

याचा अर्थ असा की, डब्यातली गोळी कोणालाच वाचवत नाही. बोर्डो मिश्रण टाकीत कालवून ठेवले आणि पंप खांद्याला लावलाच नाही, तर दोष मोरचुदाचा नव्हे. म्हणून निवड करताना 'सर्वांत भारी औषध कोणते' हा प्रश्न विचारू नका. 'माझ्या घरात, माझ्या कामाच्या रामरगाड्यात, मी खंड न पाडता कोणते घेऊ शकेन' हा प्रश्न विचारा. ज्या बाईच्या घरात नवऱ्याला आणि सासूला माहीत आहे, जिला गोळी उघडपणे घेता येते, तिला रोजची गोळी चांगली. जिला डबा लपवावा लागतो, तिने डॉक्टरांपाशी तसे मोकळेपणाने सांगावे.

लेनाकापाविरला अमेरिकेत जून 2025 मध्ये मान्यता मिळाली आणि जुलै 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. ते स्वस्तात बनविण्याचे परवाने 2024 सालीच सहा कंपन्यांना मिळाले. त्यात हैदराबादच्या दोन आणि आपल्या पुण्याची एक कंपनी आहे. 2027 पासून गरीब देशांना ते वर्षाला माणशी सुमारे 40 डॉलरला मिळावे, असे करार सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर झाले. ही आशेची गोष्ट आहे. पण पुढच्या वर्षी सुधारित वाण येणार म्हणून यंदाची पेरणी कोणी थांबवत नाही. आज जे हाती आहे ते नीट वापरावे.

72 तासांची गोष्ट

समजा, निरोध फाटला. समजा, वापरलेली सुई टोचली. समजा, एखाद्या मुलीवर अत्याचार झाला. अशा वेळी प्रेपचा उपयोग नाही. तेव्हा पेप लागते. तेथे घड्याळाकडे पाहायचे असते. शक्य तर दोन तासांत, आणि काही झाले तरी 72 तासांच्या आत पहिला डोस पोटात गेला पाहिजे. जितका उशीर तितका उपयोग कमी. 28 दिवसांचा पूर्ण क्रम करावा लागतो. बरे वाटते म्हणून मध्येच सोडायचा नाही.

अत्याचाराच्या प्रसंगात घरचे लोक अब्रूचा विचार करत दोन-चार दिवस घालवतात. तेच दिवस मोलाचे असतात. पोलिसात कधी जायचे याची चर्चा करा, पण मुलीला आधी सरकारी रुग्णालयात न्या.

आई आणि बाळ

ज्या आईला लागण आहे तिच्यापासून बाळाला गरोदरपणात, बाळंतपणात किंवा दुधावाटे लागण होऊ शकते. पण आईने वेळेवर एआरटी सुरू केले आणि बाळाला जन्मल्याबरोबर प्रतिबंधक औषध किमान सहा आठवडे दिले, तर बहुतेक बाळे निरोगी राहतात. म्हणून सून-लेक गरोदर राहिली की पहिल्याच तपासणीत एच.आय.व्ही.ची तपासणी करून घ्यावी. आणि आईलाच लागण नसेल तर, बापाला असली तरी, बाळाला ती होत नाही. आबांच्या घरात ही गोष्ट समजली तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

कोठे जावे, कशाला भुलू नये

तपासणी व सल्ला सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी केंद्रात मिळतो. लागण आढळली तर एआरटी केंद्रात मोफत औषध मिळते. 1097 हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. नाव न सांगताही विचारता येते. लागण नसलेल्याने घ्यायची प्रेपची गोळी मात्र प्रत्येक सरकारी दवाखान्यात मिळेलच असे नाही. ती बहुतेकदा डॉक्टरांच्या चिठ्ठीने दुकानातून घ्यावी लागते. म्हणून किती महिने घ्यावी लागेल, खर्च किती येईल, हे आधीच विचारून घ्यावे. मध्येच पैसे संपले म्हणून औषध तुटण्यापेक्षा हे बरे.

2017 साली झालेला कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार कोणाचीही तपासणी त्याच्या संमतीवाचून करता येत नाही, निकाल जगजाहीर करता येत नाही, आणि लागण आहे म्हणून दवाखाना, शाळा, नोकरी नाकारता येत नाही.

बाजारात, भिंतींवर 'एड्सवर हमखास इलाज' अशा जाहिराती दिसतात. कोणताही काढा, भस्म, मंतरलेला दोरा हा विषाणू अडवत नाही. अशा माणसाच्या नादी लागून चालू औषध सोडलेले लोक मी पाहिले आहेत. पैसा गेला आणि माणूसही गेला.

आणि एका ताटात जेवल्याने, एका विहिरीवर पाणी भरल्याने, डास चावल्याने, खांद्याला खांदा लावून खुरपल्याने हा रोग होत नाही. त्याची लागण होते ती असुरक्षित संबंधातून, दूषित रक्त व सुईतून आणि आईकडून बाळाला. बाकी सारी आपली भीती.

आबांच्या घरी

परवा मी पुन्हा त्या मळ्यात गेलो होतो. मुलगा दोन वर्षांहून अधिक काळ न चुकता औषध घेतो आहे. त्याचा विषाणू तपासणीत सापडत नाही. त्याने गाडी सोडली, बाग पाहतो. ही खात्री झाल्यावर डॉक्टरांनी विचार करून सुनेची गोळी बंद केली. तिची तपासणी चालूच आहे आणि प्रत्येक वेळी निकाल चांगला आला आहे. ओसरीवर पाळणा बांधलेला होता. सासूबाई झोका देत होत्या.

सूनबाईंनी चहा आणून दिला आणि म्हणाल्या, "साहेब, आमचं नाव नका घालू, पण लिहा. माझ्यासारखी अजून कुणी तरी विचारत असंल."

मला 1994 सालची ती बाई आठवली. तिलाही विचारायचे असेल, पण तिला कोणी काही सांगितलेच नाही. तेव्हा औषध नव्हते हे खरे. पण रोग तिच्या घरात आहे हे निदान तिला कळायला हवे होते.

तेव्हा बंधूंनो, नवरा कामाधंद्यासाठी बाहेरगावी राहून आला असेल, मनात शंका असेल, तर पती-पत्नी दोघांनी मिळून तपासणीला जा. बायकोला घरी ठेवून एकटे जाऊ नका, आणि निकाल तिच्यापासून लपवू नका. भगिनींनो, आपल्या अंगाविषयी प्रश्न विचारणे हा आगाऊपणा नव्हे. बागेतल्या पानावर डाग पडण्याआधी आपण रात्री उठून फवारतो. घरातल्या माणसासाठी निदान एक दिवस काढून तालुक्याला जाता येईल.